फडणिसांच्या घरातला मुलगा : एका आत्मवृत्ताचे वाचक

बंगळूरहून बल्लारीच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की काही कोसांवर देवनहळ्ळी लागते. २००८ साली तेथे बंगळूरचा नवा विमानतळ झाला आणि गावाचे नाव रोज हजारो प्रवाशांच्या तोंडी येऊ लागले. परंतु त्यांपैकी किल्ल्याकडे वळणारे थोडेच. १५०१ मध्ये मल्लबैरेगौडाने बांधलेला मूळचा मातीचा कोट हैदर व टिपू यांच्या काळात दगडी झाला. कोटाजवळ चार खांबांची एक लहानशी चौकट उभी आहे. टिपू सुलतानाचे ते जन्मस्थान. या गावाला १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेने दीर्घ वेढा घातला होता आणि त्याच वेढ्यात हैदर नावाच्या एका सामान्य शिपाईगड्याकडे दलवाई नंजराजाचे प्रथम लक्ष गेले. पुढच्या वर्षी, २० नोव्हेंबर १७५० रोजी, येथे टिपूचा जन्म झाला. त्या वेळी हैदर राज्याचा धनी झालेला नव्हता. मुलगा जन्मला तो चढत्या नशिबाच्या एका सैनिकाच्या घरी; राजवाडा नंतर आला.

या मुलापेक्षा पावणेनऊ वर्षांनी मोठा असा दुसरा एक मुलगा त्या वेळी पेशव्यांच्या आश्रयाने वाढत होता. १७४२ च्या फेब्रुवारीत साताऱ्यास जन्मलेला बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढचे नाना फडणीस. ही दोन माणसे कधी समोरासमोर भेटली नाहीत. पण दक्षिणेचे अर्धशतकाचे राजकारण त्यांच्या डावपेचांनी व्यापले. मार्च १७९१ मध्ये बंगळूर पडल्यावर कॉर्नवॉलिस उत्तरेकडे वळला, तेव्हा देवनहळ्ळीचा किल्ला त्याच्या हाती आला. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा याच युद्धात इंग्रजांच्या बाजूने उतरल्या होत्या आणि त्यामागे पुण्यातून मसलत चालविणारे नाना होते.

राजकारणाची ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. त्यापेक्षा कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, या दोघांनीही स्वतःविषयी खासगी लिखाण करून ठेवले. टिपूने आपली स्वप्ने स्वतःच्या हाताने फारसीत लिहिली. अशी सदतीस स्वप्ने उपलब्ध आहेत. नानांनी आपल्या बालपणाची व तरुणपणाच्या आरंभाची हकिकत मराठीत लिहिली. दोन्ही लिखाणे प्रसिद्धीसाठी केलेली नव्हती आणि दोन्हींना प्रकाशात आणले ते परक्यांनी. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडल्यावर राजवाड्यात कर्नल विल्यम कर्कपॅट्रिकला स्वप्नांची वही सापडली आणि ती लंडनला गेली. नानांचे आत्मवृत्त जॉन ब्रिग्ज या लष्करी अधिकाऱ्याच्या हाती आले आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १८३० च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या दुसऱ्या खंडात छापले गेले. श्रीमंत घरात वाढलेल्या एका मराठी मुलाच्या या हकिकतीला गेल्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत कोणकोणते वाचक मिळाले आणि त्यांनी तीत काय शोधले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या घराविषयी. भानूंचे मूळ गाव कोकणातील वेळास. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले होते आणि १७१९ मध्ये तेथे झालेल्या दंग्यात मारले गेले. धन्यासाठी सांडलेल्या या रक्ताची आठवण पेशव्यांच्या घराण्याने ठेवली. फडणिशी भानूंकडे राहिली. फडणीस म्हणजे दप्तराचा धनी : जमाखर्च, सरंजामाच्या नोंदी, सनदा, हुकूम या सर्वांवर त्याची नजर. तलवारीने मिळणारी दौलत एका लढाईत येते आणि एका लढाईत जाते. दप्तराने मिळणारी प्रतिष्ठा सावकाश वाढते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. नानांचे बालपण या दुसऱ्या प्रकारच्या श्रीमंतीत गेले. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव हे त्यांचे जवळजवळ समवयस्क. दहाव्या वर्षी लग्न झाले. १७५६ मध्ये वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या मुलाकडे वडिलोपार्जित अधिकार आला.

आत्मवृत्ताचा आरंभ मात्र या वैभवाने होत नाही. परमात्मा, पंचमहाभूते, जीवाचे देहात येणे अशा वेदान्तचिंतनाने लेखक सुरुवात करतो आणि मग स्वतःच्या जन्माकडे येतो. लहानपणी देवांच्या मूर्ती मांडून पूजा करण्याची आवड होती, अभ्यासात मन लागत नसे, असे तो सांगतो. वयात येताना जागी झालेली वासना आणि मनाची चंचलता यांची कबुलीही तो देतो. वाड्याचे वर्णन नाही, दागदागिन्यांची यादी नाही, पंक्तींचा थाट नाही. जी माणसे श्रीमंतीत जन्मतात त्यांना ती दिसत नाही, हवा जशी दिसत नाही तशी. नानांच्या लिखाणात संपत्ती अशीच न दिसता सर्वत्र आहे.

ती दिसते ती नाहीशी झाल्यावर. आई आणि पत्नी यांना बरोबर घेऊन, तीर्थयात्रेचे पुण्य पदरी पडावे या इच्छेने, अठरा वर्षांचा हा फडणीस भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेस गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सारे बुडाले. विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले. अंगावरची वस्त्रे टाकून, ओळखू येऊ नये अशा वेशात, तरुण फडणीस रात्रीच्या अंधारात पायी निघाला. उंच गवतात लपणे, सोबत्यांचे घायाळ होणे, उपासमार, कोणा बैराग्याने दिलेले पीठ, रेवाडीस मिळालेला आसरा असा हा प्रवास आहे. पत्नी विश्वासू माणसांच्या साहाय्याने वाचली. आई परत आली नाही. त्यानंतर दक्षिणेकडे परतण्यापर्यंत हकिकत येते आणि थांबते. पुढची एकोणचाळीस वर्षे, म्हणजे ज्यांमुळे नाना फडणीस हे नाव इतिहासात राहिले ती सारी कारकीर्द, या लिखाणाबाहेर आहे.

ही गोष्ट त्याच्या वाचकांनी मनोमन कधी मान्य केली नाही असे दिसते. ब्रिग्जपासून आजपर्यंत जवळजवळ प्रत्येक वाचकाने हे आत्मवृत्त उलट्या दिशेने वाचले आहे : आधी मुत्सद्दी ठरवून ठेवला आणि मग मुलात त्याच्या खुणा शोधल्या.

ब्रिग्ज हा काही वरवरचा वाचक नव्हता. पेशवाईच्या अखेरीस तो खानदेशात कारभारी होता, नंतर साताऱ्यास रेसिडेंट होता, आणि फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे भाषांतर त्याने केले होते. मराठी दप्तराची किंमत त्याला कळत होती. रॉयल एशियाटिक सोसायटीची स्थापना १८२३ मधली. जिंकलेल्या मुलुखाची भाषा, कायदे, धर्म व इतिहास यांची साधने गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांचे ते व्यासपीठ होते. त्या पानांवर नानांचे आत्मवृत्त आले ते अर्थातच साहित्यकृती म्हणून आले नाही. ज्या दरबाराशी कंपनी सरकारने दोन पिढ्या व्यवहार केला, त्याच्या सर्वांत सावध माणसाचे अंतरंग कसे होते, हा त्या वाचकवर्गाचा प्रश्न होता. यातही एक योगायोग आहे. १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार कंपनी सरकारने आपल्या हाती घेतला, तेव्हा बंगळूरला ज्येष्ठ कमिशनर म्हणून आला तो हाच ब्रिग्ज. देवनहळ्ळीचा मुलूख काही काळ नानांच्या आत्मवृत्ताच्या भाषांतरकाराच्या अमलाखाली होता. तेथून तो लवकरच नागपूरला रेसिडेंट म्हणून गेला. भाषांतर आणि राज्यकारभार ही दोन कामे त्या काळी एकाच हाताने होत असत, हे वाचनाच्या इतिहासात विसरून चालणार नाही. तरीही एवढे ऋण मान्य केले पाहिजे की, या हाताने ते लिखाण उचलले नसते तर ते किती काळ अज्ञात राहिले असते हे सांगता येणार नाही.

१८५१ मध्ये कॅप्टन मॅकडोनल्डने घराण्यातील कागद व उपलब्ध ग्रंथ यांच्या आधारे नानांचे इंग्रजी चरित्र मुंबईत प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये रॉलिन्सन यांच्या प्रस्तावनेसह त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तिला आत्मवृत्ताची जोड देण्यात आली. ही जोड अर्थपूर्ण आहे. चरित्राच्या पुस्तकात आत्मवृत्त जोडले की ते स्वतंत्र लिखाण राहत नाही. मोठ्या माणसाच्या थोरवीचा तो उपोद्घात होतो.

मराठी वाचकांच्या हाती नाना आले ते वेगळ्या भूमिकेतून. वासुदेवशास्त्री खरे यांचे ‘नाना फडनवीस यांचे चरित्र’ १८९२ मध्ये निघाले. काव्येतिहाससंग्रहापासून सुरू झालेल्या इतिहाससंशोधनाच्या लाटेतला हा ग्रंथ. राज्य जाऊन पाऊणशे वर्षे लोटली होती आणि इंग्रजी शाळांतून शिकलेली पिढी आपल्याकडेही कर्ते पुरुष झाले होते याची ग्वाही शोधत होती. अशा वेळी नानांसारखा पुरुष चरित्रनायक म्हणून पुढे यावा हे साहजिक होते. पण चरित्रनायकाला बालपण एका मर्यादेपर्यंतच परवडते. वासनेची कबुली, अभ्यासाचा कंटाळा, रणांगणावरून वस्त्रे टाकून निघून जाणे, ही सामग्री राष्ट्रपुरुषाच्या चित्रात सहजी बसणारी नाही. धर्मभीरुता व मातृभक्ती बसते. प्रत्येक पिढी आत्मचरित्रातून आपल्याला हवे तेवढे उचलते. पराभवाच्या जाणिवेतून वाचणारी पिढी तर फारच निवडून उचलते.

इतिहाससंशोधकांची गरज याहून निराळी होती. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतापूर्वीच्या अस्सल पत्रांचा. बखरी मागाहून रचलेल्या, म्हणून अविश्वसनीय. पत्रे तत्कालीन, म्हणून प्रमाण, ही त्यांची कसोटी. या कसोटीवर आत्मवृत्ताचे काय करायचे? ते आठवणीने लिहिलेले, म्हणून पत्र नव्हे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेले, म्हणून बखरही नव्हे. पानिपतावर लिहिणाऱ्यांना भाऊसाहेबांच्या निकट असलेल्या माणसाची साक्ष म्हणून ते मोलाचे वाटले. तथापि साक्षीदाराची उलटतपासणी करताना त्याने काय पाहिले एवढेच विचारले जाते. हे पाहताना त्याचे काय झाले, हा प्रश्न दरबारातून बाहेर राहतो. आई हरवलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचे दुःख तारीख ठरविण्याच्या कामाचे नसते.

यानंतरची मोठी प्रतिक्रिया वाचकांची नसून प्रेक्षकांची आहे. पण तिचा विचार येथे टाळता येत नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले. ज्या घटनेवर ते बेतले आहे ती, म्हणजे कोतवाल घाशीराम सावळदासाचा जमावाने केलेला वध, १७९१ च्या ऑगस्टमधली. देवनहळ्ळी पडली त्याच वर्षीची. नाटकातील नाना विलासी, कामातुर आणि कावेबाज आहेत. नानांची व ब्राह्मणांची ही बदनामी आहे असा गदारोळ झाला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले आणि १९७४ मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. आपले नाटक ऐतिहासिक नाही, असे तेंडुलकरांनी सांगितले होते. सत्ता माणसे कशी घडविते व कशी फेकून देते हा त्यांचा विषय होता. त्यामुळे नाटककाराकडे आत्मवृत्ताचा जाब मागण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी नानांच्या अब्रूसाठी आवाज उठविला आणि ज्यांनी त्यांना पाखंडाचे प्रतीक मानले, त्या दोन्ही बाजूंना एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. आपल्या वासनेविषयी आणि तिच्या लाजेविषयी पहिला शब्द खुद्द नानांनीच लिहून ठेवला होता. जो स्वतःच स्वतःवर आरोप ठेवतो त्याला निष्कलंक ठरविणे हा जसा अन्याय, तसे त्याला ढोंगी ठरविणे हाही अन्याय.

येथे टिपूच्या वहीशी तुलना उद्बोधक ठरते. १९९७ मध्ये गिरीश कार्नाडांनी टिपूवर नाटक लिहिले ते त्या स्वप्नांच्या आधारे. खासगी लिखाणातून एक हळवा, अस्वस्थ, राज्याच्या चिंतेने पछाडलेला माणूस त्यांना मिळाला. टिपूची वही रंगभूमीवर आली. नानांचे आत्मवृत्त त्यांच्यावरच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाबाहेर राहिले. एकाच युद्धाच्या दोन बाजूंना असलेल्या या दोन पुरुषांपैकी एकाला वाचक आतून मिळाला, दुसऱ्याला बाहेरून.

साहित्याच्या अभ्यासकांनी या लिखाणाकडे पाहिले ते वाङ्मयप्रकाराच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून. मराठीत बहिणाबाईंचे अभंगरूप आत्मचरित्र सतराव्या शतकातले. दादोबा पांडुरंगांचे गद्य आत्मचरित्र एकोणिसाव्या शतकातले. नानांचे लिखाण या दोहोंच्या मध्ये उभे आहे. ही जागा केवळ कालक्रमाची नाही. आरंभीचे वेदान्तचिंतन संतपरंपरेतून आलेले आहे, तर स्वतःच्या आयुष्यातील घटना क्रमाने सांगण्याची पद्धत दप्तराच्या सवयीतून आलेली आहे. देवापुढे पाप कबूल करणारा भक्त आणि जमाखर्चाची बाकी काढणारा फडणीस एकाच लेखणीने लिहितात. पाश्चात्त्य वाचकाला येथे रूसोच्या ‘कन्फेशन्स’ची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे, त्या ग्रंथाचा पहिला भाग १७८२ मध्ये, नानांच्या हयातीतच, प्रसिद्ध झाला. पण रूसोपुढे वाचक बसलेला आहे. नानांपुढे कोणी नाही, किंवा फक्त देव आहे. आपण ते वाचतो तेव्हा आगंतुक म्हणून वाचतो.

श्रीमंत घरातील बालपणाच्या हकिकतीकडे वाचक सहसा दोन वृत्तींनी जातो. एक कुतूहलाची : वाडे कसे होते, माणसे काय खात, काय लेत. दुसरी संशयाची : ज्याला काही कमी नव्हते त्याने कसले दुःख सांगावे. नानांचे आत्मवृत्त पहिल्या वाचकाला निराश करते, हे वर पाहिलेच. दुसऱ्याला ते अधिक गंभीर उत्तर देते, परंतु पुरते देत नाही. रवींद्रनाथांच्या ‘जीवनस्मृती’त ठाकूरबाडीतल्या मुलाचे दिवस नोकरांच्या धाकात जातात, दुर्गा खोट्यांच्या ‘मी दुर्गा खोटे’मध्ये लाडांच्या सुखवस्तू घरातली मुलगी सासरची दौलत गेल्यावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. अशा लिखाणांत संपत्तीचे कवच फुटते तेथून माणूस बोलू लागतो. नानांच्या बाबतीत ते कवच एका संध्याकाळी फुटले. पीठ देणाऱ्या बैराग्याला हा मुलगा कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. फडणिशीचा वारस त्या दिवशी निव्वळ भुकेला माणूस होता आणि ही गोष्ट त्याने विसरू दिली नाही, लिहून ठेवली. या पानांचे मोल येथे आहे.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो विचारणारा वाचक मराठीत उशिरा आला. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले आणि आत्मचरित्र वाचण्याची रीतच पालटली. आता कोणत्याही सुखवस्तू बालपणाच्या पानावर वाचक थबकतो आणि विचारतो : पाणी कोणी भरले, घोड्याला दाणा कोणी दिला, पानिपताच्या वाटेवर मातुःश्रींची डोली कोणाच्या खांद्यावर होती, आणि त्या भोयांचे काय झाले? नानांच्या आत्मवृत्तात याचे उत्तर नाही. काही सोबत्यांची नावे येतात, उपकारकर्त्यांचे स्मरण येते. ज्यांच्या कष्टांवर घर उभे होते ती माणसे बहुधा येत नाहीत. हा दोष एकट्या नानांचा नाही, त्यांच्या वर्गाचा आणि काळाचा आहे, असे म्हणून हात झटकता येतील. पण उत्तर दुसरीकडे आहे आणि ते या घराण्याच्या पेशातच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमालांत बांधलेले जमाखर्च आहेत. त्यांत शागिर्दपेशा, हुजरे, मशालजी, भोई, कुणबिणी यांच्या नेमणुका, पगार, पोटाला दिलेले धान्य आणि अंगाला दिलेले कापड यांच्या नोंदी आहेत. आत्मवृत्तात ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना जमाखर्चात मिळाली. फडणिसाने मन एका कागदावर लिहिले आणि माणसे दुसऱ्या कागदावर. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचल्याखेरीज त्या घराचे बालपण पुरते कळणार नाही. विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे, इतके ते अजून मोकळे आहे.

या आत्मवृत्ताच्या वाचकांकडे एकत्रित पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अधिकाऱ्याला शत्रूचे अंतरंग हवे होते, चरित्रकाराला राष्ट्रपुरुष, संशोधकाला साक्षीदार, प्रेक्षकाला आरोपी किंवा देव. प्रत्येकाची मागणी त्याच्या काळाने ठरविली होती आणि प्रत्येकाला काही ना काही मिळाले. परंतु लेखकाने जो माणूस लिहिला तो यांपैकी कोणीच नाही. तो एक मुलगा आहे; त्याला अजून पेशवे, निजाम, शिंदे, इंग्रज, टिपू यांपैकी कोणाशीही डाव मांडायचा नाही. लेखणी जेथे थांबली तेथे थांबण्याचा संयम वाचकाने दाखविला तर हा मुलगा दिसतो. पुढे तो सावध झाला, संशयी झाला, माणसांवर नजर ठेवणारा झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलाला ठाऊक नाही.

देवनहळ्ळीच्या त्या चार खांबांच्या चौकटीपाशीही मनात असाच विचार येतो. तेथे येणारे प्रवासी वाघाची, तलवारीची, श्रीरंगपट्टणच्या अखेरच्या लढाईची गोष्ट बरोबर घेऊन येतात आणि तीच घेऊन परत जातात. तेथे जन्मलेल्या मुलाला यांतले काहीच ठाऊक नव्हते. इतिहासाच्या वाचकाला शेवट आधी कळलेला असतो. हे त्याचे सामर्थ्य आहे आणि हीच त्याची अडचणही आहे. नाना फडणिसांचे हे थोडक्या पानांचे लिखाण ती अडचण क्षणभर बाजूला ठेवण्याची संधी देते. वेढे, तह आणि दप्तरे यांच्या ढिगाऱ्यात एका मराठी माणसाने आपले भय, आपली भूक आणि आपली आई यांच्यासाठी जागा ठेवली. ती जागा रिकामी राहू न देणे एवढेच आता वाचकाच्या हाती आहे.